दुखायच्या आधीची गोळी

१२ जानेवारी

धाकटे,

आशीर्वाद लिहिणार नाही. तो वरच्या ओळीत लिहितात हे मला माहीत आहे, चौथी शिकलेय मी. पण मनात नाही तर कागदावर कुठून आणू? फोन तू उचलत नाहीस. लेकीकडे जाऊन बसलीस आणि फोन उशीखाली घातलास. म्हणून पत्र. पत्र वाजत नाही, त्यामुळे बंदही करता येत नाही.

एकच विचारायचंय. तू डॉक्टरकडे का गेलीस?

माझ्याकडे यायचं. मी काय परगावी होते? दिवसभर समोर असते, मी कापायच्या टेबलावर, तू मशीनवर. आपले नवरे, दोघे भाऊ, पाठोपाठ गेले तेव्हा लोक म्हणाले, जावा-जावांचं शिवणाचं दुकान, वर्षभरात मधे भिंत येईल. आली का? मी कापलं, तू शिवलंस, भिंतीला जागाच नव्हती. आणि त्याच दुकानातून उठून तू गेलीस आणि माझ्या डॉक्टरला सांगून आलीस की जाऊबाई गोळ्या जास्त घेतात.

मी आपली नेहमीसारखी चिठ्ठी घ्यायला गेले, तर तो चष्मा काढून म्हणतो, "आजी, तुमच्या घरच्यांना काळजी वाटतेय." आजी म्हणतो मला. त्याच्या आईच्या वयाची नसेन मी. गोळी निम्मी केली त्याने. मेडिकलमधल्या त्या लांबनाक्याच्या कानातही तू घालून ठेवलंस. काल मी पाकीट मागितलं तर आधी मागे वळून मालकाकडे बघितलं त्याने. कात्री माझ्या हातात असते, पण केसाने गळा कापलास तू.

जास्त म्हणजे काय जास्त? मणका उघडून पुन्हा शिवलाय माझा. तुला सुई टोचली तर बोट दिवसभर तोंडात असतं. मी काही गल्लीच्या कोपऱ्यावर उभी राहून घेत नाही. डॉक्टरची सही आहे, शिक्का आहे, मेडिकलची पावती आहे. टेबलावर वाकायच्या आधी एक घेतली की दुखणं येतच नाही. दुखायच्या आधी घेतलेली गोळी म्हणजे जास्त घेतलेली नव्हे. छत्री काय भिजल्यावर उघडतात?

त्या बाह्यांचं तू अजून धरून बसली आहेस. हॉटेलच्या वेटरांची जॅकेटं, सगळ्या बाह्या डाव्या निघाल्या. निघाल्या. पण कापड पसरायचं काम कोणाचं? थर एकमेकांकडे तोंड करून लावले असतेस तर उजव्या-डाव्या आपोआप निघाल्या असत्या. तू सगळे सुलटे लावलेस. मग मी पुठ्ठ्याचा खाका पालटून ठेवला नाही हे खरं, पण तूही बघायला होतीसच की. आपली रीत आहे, मी "कापू?" म्हणते, तू उठून बघतेस आणि "कापा" म्हणतेस. मी विचारलं होतं. तू मशीनच्या आवाजात ऐकलं नसशील.

आणि बटणांचा डबा. गिऱ्हाइकाच्या कोटाला बटण शोधताना तुला पाकिटं सापडली. तोंड असं केलंस जसं काही विंचू निघाला. "जाऊबाई, पर्समध्ये एक आहे, घरी उशाशी एक आहे, मग हे कशाला?" मी लपवली नव्हती, ठेवली होती. तू सारखी बघायचीस म्हणून ठेवली. ह्यांची शपथ घेऊन सांगितलं तुला, लिहून दिल्यात तेवढ्याच घेते. मेलेल्या नवऱ्याची शपथ पुरत नसेल तर आणखी कोणाची घेऊ?

असो. गणवेशांची ऑर्डर आलीय. कापून ठेवीन मी. माफी मागायची असेल तर ये, दुकानाची वेळ तुला माहीत आहे.

थोरली

२९ जानेवारी

धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, दोन ओळी. "मी चहाडी केली नाही जाऊबाई, मी घाबरले होते. तुम्ही खरं काय ते सांगाल त्या दिवशी मी परत येईन."

खरं काय ते. पोलीस आहेस का तू?

खरं हे की मला तुझी आणि तुझ्या डॉक्टरची गरज नाही. बसस्टँडकडे दुसरा एक आहे, भला माणूस. चष्मा काढत नाही, आजी म्हणत नाही. "कधीपासून दुखतंय?" म्हणाला. मी म्हटलं, "जन्मल्यापासून." हसला आणि लिहून दिल्या. अशी माणसं जगात आहेत म्हणून चाललंय. पहिल्या डॉक्टरचं काही विचारलं नाही त्याने, मीही सांगितलं नाही. विचारलं नसताना बोलायची मला खोड नाही, ती तुला.

काम व्यवस्थित चाललंय. त्या निवृत्त मास्तरीणबाई आपल्या कोटाचं फिटिंग बघायला आल्या होत्या. टाचण्या माझ्या तोंडात, त्यांचा खांदा माझ्यासमोर. मधेच त्या म्हणाल्या, "बाई, झोपलात का?"

"माप डोक्यात धरतेय," मी म्हटलं.

"धरा, पण डोकं माझ्या खांद्यावर आहे तुमचं."

हसलो दोघी. टाचणी गिळली नाही, तुला वाटेल गिळली असेल. हसून झाल्यावर त्या मात्र माझ्याकडे बघतच राहिल्या. लोकांना बघायला काही लागत नाही.

रविवारी फ्लू झाला होता मला. उशाशीचं पाकीट संपलं होतं, बाकीच्या गोळ्या दुकानात राहिल्या होत्या आणि म्हटलं एक दिवस काय मरत नाही. दुपारपासून जांभयांवर जांभया. नाक गळतंय, डोळे गळतायत, अंगावर काटा, पोटात कळ आणि पाय तर असे की पलंगावर ठरेनात, जसं काही कोणी खालून मशीनचा पट्टा ओढतंय. शेवटी दुकान उघडलं, एक गोळी घेतली. चहा उकळून प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात फ्लू गेला. पूर्ण गेला. असा फ्लू बघितलायस कधी? आणि तू म्हणतेस गोळी वाईट.

रेडिओ लावत नाही हल्ली. तू विचारशील म्हणून सांगते, बिघडलेला नाही. लावावासा वाटत नाही एवढंच. त्यात बोलणारे लोक माझे कोण लागतात?

गणवेश कापून झाले. उंची थोडी कमी गेली काहींची. पोरं लहान असतात, चालतं.

थोरली

१७ फेब्रुवारी

धाकटे,

ह्या वेळी दोन ओळीही नाहीत. एकच वाक्य. "माझ्या नावावर गोळ्या कोण घेतंय?"

कोण घेणार? मीच.

बसस्टँडवाल्या भल्या माणसाचा भलेपणा संपला. पुढच्या वेळी ऑपरेशनचे कागद आणा म्हणाला. कागद दाखवले की पहिल्या डॉक्टरचं नाव दिसणार, आणि तिथे तुझी वाणी आधीच जाऊन बसलेली. म्हणून मी तिसरीकडे गेले, नव्या दवाखान्यात. तिथल्या मुलीने नाव विचारलं. मी तुझं सांगितलं. एका घरच्या आपण, आडनाव एक, आत जाताना उंबरठासुद्धा एकच. नाव वापरलं म्हणून झिजलं का?

मग तिने फोन नंबर विचारला. मला पाठ असलेला नंबर जगात एकच आहे, तुझा. दुकानाच्या पाटीवर लिहिलेला, गिऱ्हाइकांना सांगून सांगून बसलेला. तोच सांगितला. तुला तिथून मेसेज गेला असणार, पुढच्या तपासणीला या म्हणून. चोरी करायची अक्कल नाही मला, हे तरी त्यावरून तुला कळावं. चोर स्वतःच्या घरचा पत्ता देतो का?

तू माझ्या अपरोक्ष डॉक्टरकडे गेलीस. मी तुझ्या अपरोक्ष तुझ्या नावाने गेले. फिट्टंफाट झाली, आता विषय संपव.

पण एक झालं. आत डॉक्टरीणबाईसमोर मला तुझ्यासारखं बोलावं लागलं. मी बोलले असते तर तिला वाटलं असतं ही भांडायला आलीय. म्हणून तू बोलतेस तसं, खाली बघून, पदर चाचपत, "कमरेत जरा दुखतं हो, काम बसून असतं ना." हुबेहूब जमलं. तू समोर असतीस तर तूही फसली असतीस. लगेच लिहून दिलं डॉक्टरीणबाईने, वर म्हणाली, "काळजी घ्या, तुमच्यासारखी सोशिक माणसं दुखणं अंगावर काढतात."

बाहेर येऊन पायरीवर बसले. का बसले माहीत नाही. पाठ दुखत नव्हती.

गणवेश शाळेने परत पाठवले. उंचीचंच म्हणतात. ठेवलेत तसेच.

थोरली

२४ फेब्रुवारी

धाकटे,

जाताना तू बटणांच्या डब्यातली पाकिटं घेऊन गेलीस. टाकली नसशील, तुझ्या हाताने चिंधीसुद्धा टाकवत नाही. ती पाठव. जावई इकडे येत असेल तर त्याच्या हाती, नाहीतर कोणाच्याही हाती, पोस्टाने उशीर होईल. भांडण नंतर करू. माफी पाहिजे असेल तर ती मी मागते, वाटलं तर दुकान तुझ्या नावावर करते. पण आधी पाठव.

२५ फेब्रुवारी

मागचं पत्र फाडून टाक. अंगात ताप होता. काही पाठवायची गरज नाही, मी ठीक आहे. पाठवली असशील तर राहू दे.

थोरली

११ मार्च

धाकटे,

तू पाठवली नाहीस. बरं केलंस म्हणायला जीभ वळत नाही, पण वाईट केलंस असंही म्हणत नाही. मधे काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखी नव्हते. चार दिशांनी हात पसरून झाले होते आणि सगळीकडून रिकामे आले होते. मग मी आपल्या पहिल्या डॉक्टरकडे गेले. त्याच्याशी भांडायला गेले, बरी व्हायला नाही, हे आधीच सांगते.

दारातून सुरू केलं. म्हटलं, "मला ही गोळी कोणी दिली? मी मागायला आले होते का? मणका तुम्ही उघडलात, चिठ्ठी तुम्ही लिहिलीत, संपली की पुन्हा लिहिलीत. आणि आता माझ्या जावेचं ऐकून मला चोरासारखं वागवता." बाहेरची माणसं ऐकत होती. ऐकू दे म्हटलं. त्याने ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाला, "आजी, दुखतं कुठे ते एका बोटाने दाखवा."

सोपं काम आहे ना? मी दारातून आत येणाऱ्या माणसाचा कोणता खांदा उतरता आहे ते टेप न लावता सांगते. मी बोट पाठीवर नेलं, ऑपरेशनचे टाके होते तिथे. दाबलं. तिथे दुखत नव्हतं. मांडीवर नेलं. मानेवर नेलं. शेवटी हात खाली घेतला आणि म्हटलं, "सगळीकडे."

"काम केल्यावर दुखतं की गोळीची वेळ टळल्यावर?"

धाकटे, मी उत्तर द्यायच्या आधी त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझे डोळे आपोआप गेले तिकडे. त्याने ते बघितलं, आणि त्याने बघितलं हे मी बघितलं. 

मग मी त्याला रविवारच्या फ्लूचं सांगितलं. तो म्हणाला, तो फ्लू नव्हता. ही गोळी अफूच्या घराण्यातली आहे. अंगाला तिची सवय लागली की वेळेवर मिळाली नाही तर नाक, डोळे, पोट, पाय सगळे मिळून तिला हाका मारतात. आणि दुखणंही आणतात, खोटं नाही, खरंच दुखतं, पण ते दुखणं मणक्याचं नसतं, गोळी मागायला आलेलं असतं.

"मग हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"कागदावर होतं," म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "तुम्हाला तोंडाने सांगायला हवं होतं. आणि इतके महिने लिहून द्यायला नको होत्या."

मला वाटलं होतं असं काही तो बोलला तर मला बरं वाटेल. नाही वाटलं. त्याच्याकडून फसले, ठीक, तो परका. माझ्या पाठीने मला फसवलं त्याचं काय? जन्मभर जिच्यावर ओझी टाकली, जिने कधी हूं की चूं केलं नाही, ती एका गोळीसाठी माझ्याशी खोटं बोलायला शिकली. आणि मी तिचंच ऐकत बसले, तुझं नाही.

तो म्हणाला, "तुमच्या जावेला आधी दिसलं. सुरुवात घरच्यांनाच दिसते." मी म्हटलं, दिसलं तर मला सांगायचं, तुम्हाला कशाला? तर विचारतो, "तुम्हाला सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

सांगितलं होतंस. दुकानात सांगितलंस, जेवताना सांगितलंस, जिन्यात माझा हात धरून सांगितलंस. मी प्रत्येक वेळी म्हटलं, तू शिव.

तुला खरं पाहिजे होतं ना? घे मग. एकदाच लिहीन, पुन्हा विचारू नकोस.

त्या बाह्यांच्या वेळी मी "कापू?" म्हटलंच नव्हतं. म्हटलं असतं तर तू उठून टेबलाशी आली असतीस आणि माझ्या पापण्या मिटतायत हे तुला दिसलं असतं. थर तू बरोबर लावले होतेस, त्या कापडाला एकाच बाजूला काठ होता म्हणून थर सुलटेच लावावे लागतात, मला माहीत आहे. ह्यांची शपथ खोटी घेतली. पाकीट महिना संपायच्या आधी संपायचं आणि मी लांबनाक्याला सांगायची की पाण्यात पडलं, प्रवासात राहिलं. एकदा तर म्हटलं उंदराने नेलं. तेव्हा तो हसला होता, आणि मी पण हसले होते, आणि घरी येऊन दोन घेतल्या. आणि पाठ अजिबात दुखत नव्हती अशा दिवशीही घेत होते. ते सगळ्यात आधी सुरू झालं, बाकी सगळं नंतर. गोळी घेतली की सगळ्याला आतून अस्तर लावल्यासारखं व्हायचं. शिवण टोचायची नाही. हे गेले ते टोचायचं नाही, भाऊजी गेले ते नाही, तू संध्याकाळी तुझ्या खोलीचं दार लावून घ्यायचीस तेही नाही. मला वाटायचं पाठीला आराम पडतोय.

तर हे असं आहे. तुझा राग मात्र गेलेला नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही डॉक्टरकडेच गेले असते, हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जात नाही. मला चारचौघांसारखं सांगून गेली असतीस, "जाऊबाई, मी आज जाऊन सांगणार आहे," तर मी तुला अडवलं असतं, शिव्या घातल्या असत्या, चप्पल लपवली असती. पण माझ्या पाठीवर ऑपरेशन झालं तेव्हा जिने मला न्हाऊ घातलं, तिने मला न सांगता माझं कुठे काही सांगावं, हे रुतून बसतं कुठेतरी. ते राहू दे तसंच. निघेल तेव्हा निघेल.

आता पुढचं. गोळी एकदम सोडायची नाही, बजावलंय त्याने, त्याने हाल होतात आणि माणूस पुन्हा दुप्पट घेतो. हळूहळू उतरवायची, अंगाला सोसेल तशी, आणि दर आठवड्याला त्याला तोंड दाखवायचं. पाकीट माझ्याकडे ठेवायचं नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असायला पाहिजे. "घरी कोण आहे?" म्हणाला.

"कोणी नाही."

"तुमची जाऊ?"

"गेली."

"कुठे?"

"मी घालवली तिकडे."

त्याने मेडिकलच्या मालकाला फोन लावला. सध्या लांबनाक्या रोजच्या रोज देतो, काउंटरवर, त्याच्यासमोर पाण्याबरोबर. मी पाणी पीत असते तेव्हा तो छताकडे बघत उभा राहतो, मला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. नाक लांब आहे, पण माणूस बरा आहे. रविवारी मेडिकल बंद असतं, तेव्हा त्याचा मालक घरातून खाली येतो. असं किती दिवस चालणार? लोकांना काय मीच एक आहे?

म्हणून ये म्हणते. माफी मागायला नको, मीही मागणार नाही, आपल्याला दोघींनाही ते नीट येत नाही.

पण यायच्या आधी हे ऐकून ठेव. डोकं जागेवर आहे तोवर लिहिते. मी बरी झालेली नाही. तू आलीस की मी तुला फसवीन. म्हणेन आजची दिलीच नाहीस, तू दिलेली असशील तरी. म्हणेन हातातून पडली, मोरीत गेली. म्हणेन आज मणकाच दुखतोय, वेगळं दुखणं आहे, शप्पथ. ते खरंही असेल कधी, तरी मला देऊ नकोस, डॉक्टरला फोन लाव. मला रडताना तू बघितलेलं नाहीस, हे गेले तेव्हासुद्धा नाही. रडेन. चांगलं रडेन, तुला वाटेल बाई मरतेय. आणि कशानेच काम झालं नाही तर शेवटी म्हणेन, जाऊ ती जाऊच, सख्खी बहीण असतीस तर दिली असतीस. हे मी म्हणणारच. मला माझी जीभ माहीत आहे, ती कुठे दुखेल ते बघूनच टोचते.

तेव्हा उत्तर देऊ नकोस. खाली बघ आणि मशीन चालव.

थोरली